तुझ्याकडे बघून वाटत नाही हं!

गणपतीच्या वर्गणीची मीटिंग होती बिल्डिंगखाली, सतरंज्या अंथरलेल्या, सगळे मांडी घालून बसलेले, मी आपली वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली तर पहिल्या मजल्यावरच्या काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अगं, तुला काय धाड भरलीये, आम्ही साठीच्या बायका बसलोय की खाली." सगळे हसले, मी पण हसले. हसून सोडून देणं स्वस्त पडतं. नाहीतर सांगायचं काय, की काकू मला आमवात आहे, आठ वर्षं झाली, खाली बसले तर उठवायला दोन माणसं लागतील आणि त्यातल्या एक तुम्हीच असाल. बरं सांगितलं तरी पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "हो? तुझ्याकडे बघून वाटत नाही हं!"

हे वाक्य लोक वाईट मनाने म्हणत नाहीत, उलट कौतुकच असतं त्यात. पण आठ वर्षं ऐकल्यावर मला त्यात एक बारीक उलटतपासणी ऐकू यायला लागली आहे. वाटत नाही, म्हणजे दाखव. आणि दाखवायला माझ्याकडे काही नाही. एक फाईल आहे रिपोर्टची, ती काय गळ्यात घालून फिरू?

आधी थोडं आजाराबद्दल, कारण आमवात म्हटलं की लोकांना आजीचे गुडघे आठवतात. ते झिजेचं दुखणं वेगळं. माझं आहे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते, बोटांचे आणि मनगटाचे छोटे सांधे आधी पकडते, आणि हे म्हातारपणाची वाट बघत नाही, तिशी-चाळिशीत आरामात सुरू होतं. बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त. सकाळी उठल्यावर तासभर, कधी दीड तास हात असे आखडलेले असतात की ब्लाउजचं हुक लागत नाही, दुधाची पिशवी कात्रीने कापायची तर कात्रीच्या कडीत अंगठा जात नाही, ओला टॉवेल पिळायचा तर मुलाला हाक मारायची. आणि अकरा वाजता ऑफिसात मी व्यवस्थित टायपिंग करत असते. जो मला अकराला बघतो त्याला सहाची मी माहीतच नाही.

दुखणं एकवेळ लोकांना कळतं, थकवा कळत नाही. "आम्ही पण थकतो गं" असं म्हणतात आणि खरंच थकतात, मुंबईत कोण थकत नाही. त्यामुळे मी आता पाण्याची गोष्ट सांगते. आम्ही भांडुपला राहतो, म्हणजे जिथे पालिकेचं अवाढव्य फिल्टरेशनचं कॉम्प्लेक्स आहे, मुंबईचं बरंचसं पाणी तिथून गाळून जातं आणि आमच्या चाळीवजा बिल्डिंगला पाणी येतं पहाटे साडेपाच ते सात (दिव्याखाली अंधार, दुसरं काय). त्या दीड तासात जेवढं पिंप भरेल तेवढं दिवसभराचं. माझ्या अंगातल्या ताकदीचं तसंच आहे. तुमच्या घरी चोवीस तास पाणी आहे, थोडं सांडलं तर सांडलं, झोप काढली की परत नळ चालू. माझं पिंप रोज एकदाच भरतं, आणि किती भरणार ते पाणी सोडणाऱ्याच्या मर्जीवर, कधी काठोकाठ, कधी प्रेशरच नाही आणि बुडाला चार तांबे. आंघोळ केली की त्यातून गेलं, डबे केले की गेलं, ट्रेनमध्ये उभी राहिले की सगळ्यात जास्त गेलं. संध्याकाळी पाहुणे आले आणि मी आत जाऊन आडवी झाले तर पिंप कोरडं झालेलं असतं. सासूबाईंना हे उदाहरण एका दमात कळलं. आधी तीन वर्षं मी त्यांना मेडिकल भाषेत सांगत होते.

आपल्याकडे म्हण आहे, रोज मरे त्याला कोण रडे. क्रूर वाटते पण मला ती आपल्या समाजाचं फार खरं वर्णन वाटते. आपल्याला आजाराचे दोनच शेवट माहीत आहेत, बरा झाला किंवा गेला. ताप आला, ऍपेंडिक्स काढलं, पाय मोडला की आपल्यासारखी माणसं जगात नाहीत, शहाळी घेऊन येतात, शेजारून मऊ भात येतो, मुलांना शाळेत कोण सोडणार याची आपोआप वाटणी होते. पण ही सगळी माया पंधरा दिवसांची असते, फार तर महिन्याची. त्यानंतर माणसाने बरं व्हायचं असतं. नाही झालं तर हळूहळू काळजीचे प्रश्न चौकशीचे होतात आणि चौकशीचे सल्ल्याचे, दही बंद कर, आंबट बंद कर, निर्गुडीचं तेल लाव, अमक्या बाबांकडे जा, आणि शेवटी, मनावर घेऊ नकोस, सगळं मनाचं असतं.

२०२३ च्या पावसाळ्यात मी स्टेशनच्या जिन्यावरून घसरले आणि डाव्या मनगटाला बारीक फ्रॅक्चर झालं. पाच आठवडे प्लास्टर. ते पाच आठवडे मी राणीसारखी काढले. लेडीज डब्यात चढले की कोणीतरी उठायचंच, ऑफिसातले साहेब, जे मी अर्धा तास उशिरा येऊ का म्हटल्यावर "सगळ्यांनाच प्रॉब्लेम असतात मॅडम" म्हणाले होते, ते स्वतःहून म्हणाले घरून काम करा. गंमत अशी की ते मनगट आठ वर्षांत सगळ्यात कमी दुखलं असेल तर त्या पाच आठवड्यांत, कारण हलतच नव्हतं ना. प्लास्टर काढलं त्या दिवशी नवरा म्हणाला, जपून ठेव, ट्रेनला जाताना घालत जा. विनोद म्हणून म्हणाला, मी मात्र घरी येईपर्यंत त्यावर खरोखर विचार करत होते.

इथे माझा मुद्दा येतो. ज्याला आपण न दिसणारा आजार म्हणतो तो बऱ्याचदा आधी दिसणारा होता. माझ्या आजीची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी होती, तिला वात आहे एवढंच सगळे म्हणायचे, टेस्ट वगैरे कोणी केली नाही, पण माझ्या मते तेच असणार. तिला कोणी कधी पुरावा मागितला नाही, बोटंच पुरावा होती, तिच्या हातून भांडं पडलं की लोक पुढे होऊन उचलायचे. माझी बोटं सरळ आहेत कारण मी मेथोट्रेक्सेट घेते. ऐंशीच्या दशकापासून हे औषध या आजारात रुळलं आणि वेळेवर सुरू केलं तर सांधे वाकडे होणं पुष्कळ टळतं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, मी शनिवारी रात्री घेते म्हणजे मळमळ रविवारी होते आणि ऑफिस बुडत नाही, माझे रविवार असे गेले सगळे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, लिव्हर ठीक आहे ना बघायला. म्हणजे मी औषध घेऊन, रविवार घालवून, पैसे घालून हे कमावलं की माझे हात चारचौघींसारखे दिसतात, आणि बक्षीस काय, तर "तुझ्याकडे बघून वाटत नाही."

सरकारी कागदावरही हाच तिढा आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल आले, म्हणजे वरून न दिसणारंही अपंगत्व असू शकतं हे कायद्याने मान्य केलं, हे मोठंच पाऊल होतं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण बहुतेक फायद्यांसाठी निदान ४० टक्के अपंगत्व लागतं. आता माझ्यासारखीला मोजायचं तर सांधा किती वाकतो, हातात जोर किती, यावर मोजणार. कुठल्या दिवशी मोजणार? चांगल्या मंगळवारी मला १० टक्के पण मिळणार नाहीत, वाईट गुरुवारी मी स्वतःची सही पण करू शकणार नाही. आणि औषध नीट घेतलं तर टक्के कमी, औषध सोडून बोटं वाकडी होऊ दिली तर सर्टिफिकेट पक्कं. आजार काबूत ठेवणाऱ्याला शिक्षा असल्यासारखं झालं हे.

आता लगेच कोणी म्हणेल, अहो पण खोटं बोलणारे पण असतात. असतात ना. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटांवरून केवढा गहजब झाला आपल्याकडे, आणि त्यानंतर खऱ्या कार्डवाल्यांकडे पण लोक वाकड्या नजरेने बघायला लागले. मी स्वतः एकदा, फारच वाईट दिवस होता, ट्रेनच्या दिव्यांगांच्या डब्यात चढले. तिथे दिव्यांगांशिवाय कॅन्सरचे पेशंट आणि गरोदर बायकांना परवानगी आहे, माझ्या आजाराचं काही लिहिलेलं नाही. कुबडी घेतलेले एक काका म्हणाले, "मॅडम, कार्ड?" मी काही बोलले नाही, विक्रोळीला उतरले. त्यांचा राग आला नाही मला. धडधाकट माणसं रोज घुसतात त्या डब्यात, त्या काकांनी किती जणांशी भांडायचं? ज्यांच्याकडे मुळात एवढंसं आहे त्यांना राखणदारी करायला बसवलंय आपण.

म्हणून मी म्हणते की हिशोबाच्या दोन वह्या ठेवा. नोकरीतलं आरक्षण, पेन्शन, कॉलेजची सीट, हे मोठ्या वहीत. तिथे एक खोटा घुसला तर एका खऱ्याचं आयुष्य जातं, तिथे कागद मागा, तपासा, दोनदा तपासा, माझी काही हरकत नाही. पण बसायला जागा, टॉयलेट, एक खुर्ची, अर्धा तास उशीर, हे छोट्या वहीतलं आहे. इथे खोटं बोलून कोणी काय लुटणार? समजा एखादी धडधडीत खोटं बोलली आणि मी तिला सीट दिली, माझं नुकसान किती, घाटकोपर ते दादर उभं राहणं. आणि जी खरं बोलतेय तिला नाकारली तर तिचा पुढचा अख्खा दिवस, कधी दोन दिवस जातात. आपण छोट्या वहीतल्या गोष्टींना मोठ्या वहीचे पुरावे मागतो ही खरी चूक आहे. खुर्ची मागणाऱ्या बाईला आपण पेन्शन मागितल्यासारखं बघतो.

यावर परदेशात बिल्ल्याचा तोडगा काढलाय. टोकियोमध्ये २०१२ पासून लाल टॅग आहे, त्याच्यावर पांढरा क्रॉस आणि बदाम, बॅगेला लावायचा. लंडनच्या रेल्वेत २०१७ पासून "मला बसायला जागा द्या" अशा अर्थाचा बिल्ला मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरचा कागद मागत नाहीत, हे मला फार आवडलं. पण आपल्याकडे चालेल असं मला वाटत नाही, प्रामाणिकपणे. एक तर सकाळी आठ वाजता भांडुपला चढल्यावर समोरचीचा चेहरा दिसत नाही, बॅगेवरचा बिल्ला कुठून दिसणार. आणि दुसरं, आठ दिवसांत तोच बिल्ला क्लिपा आणि सेफ्टी पिनांच्या शेजारी वीस रुपयाला मिळायला लागेल आणि मग आपण सगळेच तो ओरिजिनल आहे का ते बघत बसू.

त्यापेक्षा आपल्याकडे आहे ते बघा ना. लेडीज डब्यात "कुठे उतरणार?" ही काय जबरदस्त सिस्टीम आहे. मी चढते, बसलेलीला विचारते कुठे, ती म्हणते कुर्ला, मी म्हणते मला द्या, ती मान हलवते, झाला करार. कागद नाही, रेल्वेचा नियम नाही, पण कोणी मधे घुसली तर दहा जणी तिला सरळ करतात. हजारो बायका रोज एकमेकींच्या नुसत्या शब्दावर चालतात. एवढा विश्वास जर "कुर्ला" या शब्दावर ठेवता येतो तर "मला आज उभं राहवत नाही" या वाक्यावर का नाही? मी हे वाक्य तीन-चारदा वापरलंय. पहिल्यांदा लगेच सीट मिळाली. त्याच ग्रुपमध्ये त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा म्हटलं तर एक म्हणाली, परत? त्या "परत"मध्येच सगळं आलं, रोज मरे.

आणि जिथे शब्दावरसुद्धा यायची गरज पडू नये अशाही गोष्टी आहेत. केरळने २०१८ मध्ये दुकानांच्या कायद्यात बदल करून विक्रेत्यांना बसायची सोय द्यायला लावली. कोझिकोडच्या कपड्यांच्या दुकानांतल्या बायका त्यासाठी भांडल्या होत्या, दिवस दिवस उभं राहायचं आणि जरा भिंतीला टेकलं तरी पगार कापायचे. तामिळनाडूने २०२१ मध्ये तसाच कायदा केला. मला त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की त्यात आजाराचा उल्लेखच करावा लागत नाही. स्टूल सगळ्यांना. जिला आमवात आहे ती बसेल, जिची पाळी आहे ती बसेल, जिचे नुसते पाय दुखतायत ती पण बसेल, कोणाला कोणाची फाईल बघायची गरज नाही. दादरला साडीच्या दुकानात जा कधी आणि नुसतं बघा, आपण गादीवर बसून पन्नास साड्या उलगडायला लावतो, त्या मुली बसलेल्या दिसतात का?

तेच प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यांचं. तेच खाली उतरणाऱ्या सरकत्या जिन्यांचं, वर जाणारा असतो, उतरायला आपले पाय, आणि गुडघ्याला विचारा चढणं बरं की उतरणं. तेच टॉयलेटचं. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, लोकलमध्ये टॉयलेट नाही, ज्यांना कोलायटिस किंवा क्रोन्ससारखे आतड्यांचे आजार आहेत ते लोक कुठल्या स्टेशनवर कुठल्या टोकाला चालू टॉयलेट आहे याचा नकाशा डोक्यात घेऊन फिरतात, माझ्या ऑफिसातला एक मुलगा घरून निघायच्या आधी काही खातच नाही, दुपारी दोनला पहिला घास. त्याच्यासाठी वेगळं काही नको, जे टॉयलेट आहे ते उघडं ठेवा, कुलूप लावून चावी मास्तरकडे ठेवू नका, बस. प्रत्येक ठिकाणी "तुला नेमकं काय झालंय" हे न विचारता काम होऊ शकतं, आणि त्यात ज्यांना काहीच झालेलं नाही त्यांचाही फायदाच आहे.

ऑफिस आणि इन्शुरन्सवाल्यांबद्दल फार लिहीत नाही, तो वेगळा विषय होईल. एवढंच की तिथेही आजार म्हणजे ऍडमिट. बहुतेक पॉलिसींना २४ तास हॉस्पिटलात पडल्याशिवाय आपण आजारी आहोत हे पटत नाही, आणि माझा सगळा खर्च गोळ्या, रक्त, ओपीडी. जुन्या आजारासाठी थांबायची जास्तीत जास्त मुदत ४ वर्षांवरून ३ केली २०२४ मध्ये, चांगलं केलं, पण तीन वर्षं थांबून मिळणार काय तर ऍडमिट झाल्यावरचे पैसे. आणि ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, आजारपणाचा भत्ता वर्षाला ९१ दिवस. आमचा आजार ३६५ दिवसांचा.

एक मात्र सांगायचंय, कारण त्याची सल अजून आहे. २०२० च्या मार्चमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोरोनावर चालतं अशी हवा झाली. ती गोळी मी तेव्हाही रोज घेत होते, ल्युपसचे (तोही प्रतिकारशक्ती उलटण्याचाच आजार) पेशंट घेतात, आमच्यासारखे घेतात. दोन दिवसांत दुकानांतून गायब. ज्यांना काहीही झालेलं नव्हतं त्यांनी घरात चार-चार पाकिटं भरून ठेवली, मग सरकारने चिठ्ठीशिवाय विकायला बंदी कडक केली, माझ्याकडे चिठ्ठी होती, गोळ्या कुठे होत्या? नवरा लॉकडाऊनमध्ये स्कूटरवर मुलुंडपर्यंत जाऊन एक पाकीट घेऊन आला, वाटेत पोलिसाने अडवलं, त्याने फाईल दाखवली, पोलीस म्हणाला, मॅडम घरी आहेत ना, मग इमर्जन्सी काय आहे. आजारी पडायची भीती वाटणारे आमच्यापुढे लाईनीत उभे राहिले आणि ते कोणाला खटकलंही नाही.

हे सगळं लिहितेय म्हणजे मी फार शहाणी आहे असं नाही. गेल्या महिन्यात मला चक्क सीट मिळाली होती, कांजूरलाच, खिडकीजवळची. विक्रोळीला एक कॉलेजची मुलगी आली, केस मोकळे, कानात ते पांढरे इअरफोन, नेलपॉलिश एकदम फ्रेश, माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "आँटी, थोडा वेळ बसू का, बरं नाहीये." आणि मी काय केलं, मी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. तोंडात आलंच होतं ते वाक्य, जिभेच्या टोकावर. मग उठले. दादरपर्यंत कडी धरून उभी राहिले, उजवं मनगट माटुंग्यापासून ठणकायला लागलं, आणि ती खिडकीला डोकं टेकून मोबाईलवर काहीतरी बघून मधेच हसत होती. दादरला उतरताना "थँक्यू आँटी" म्हणाली. तिला काय झालं होतं मी विचारलं नाही, पण मस्जिद स्टेशन येईपर्यंत विचार मात्र तोच करत होते.